‘मी’चे लिंग आणि निवेदिकेचा स्वर

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपली कथा स्वतः सांगते. पुरुष लेखकाने स्त्रीच्या मुखाने केलेले हे निवेदन अस्सल वाटते, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु ती अस्सलता भाषेच्या कोणत्या घटकांत वसते, हा प्रश्न उरतोच. स्त्रीमनाची जाण, जिव्हाळा ही कारणे खोटी नव्हेत. ती व्याकरणाच्या उंबरठ्याशी थांबतात, इतकेच.

इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी गेले’, ‘मी बसते’ एवढ्यावरून बोलणारी स्त्री आहे हे ठरते. त्यामुळे स्त्रीनिवेदिका योजणाऱ्या लेखकाला आपली भूमिका जवळजवळ वाक्यागणिक नव्याने धारण करावी लागते. यातील ‘जवळजवळ’ महत्त्वाचे आहे. सकर्मक धातूच्या भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माकडे वळते : ‘मी पोथी वाचली’ हे वाक्य स्त्रीचेही असेल, पुरुषाचेही. ‘मी म्हणाले’ यात स्त्री ऐकू येते, ‘मी म्हटले’ यात ती लोपते. दोन्ही प्रयोग रूढ असल्यामुळे येथे लेखकाला निवड करता येते. ‘मला रडू आले’, ‘माझ्याने बोलवेना’ या रचनांत तर लिंगाबरोबर कर्तृत्वही सुटते. घटना घडते, निवेदिका ती केवळ सोसते. एखाद्या प्रकरणात ‘मी उठले’, ‘मी गेले’ अशी वाक्ये घटून ‘मला’, ‘माझ्याने’ यांचे प्रमाण वाढले, तर कथानक न बदलताही असहायता गडद होते. हे मोजून पाहण्याजोगे आहे. केवळ रसिकतेने त्याचा निकाल लागणार नाही.

त्या काळातील स्त्रिया पतीचे नाव घेत नसत. ‘तिकडून सांगणे झाले’ या धाटणीच्या वाक्यात कर्ता दिशावाचक अव्ययाआड जातो, क्रिया नामरूप घेते आणि क्रियापद त्या नपुंसकलिंगी नामाशी जुळते. रचना आदराची खरी, पण ज्याला उलट विचारावे तो वाक्यात उरतच नाही.

शब्दनिवडीचा प्रश्न याहून तीक्ष्ण आहे. यमूची कथा वैधव्यापर्यंत आणि सक्तीच्या केशवपनापर्यंत जाते. ‘विधवा’ हा शब्द पतीच्या अभावापुरते बोलतो. ‘सोवळी’ त्या देहावर पावित्र्याचे पांघरूण घालतो. ‘बोडकी’ त्याच देहाकडे बोट दाखवून हिणवतो. तृतीयपुरुषी निवेदकाला यांपैकी कोणताही शब्द लांबून वापरता येतो. यमूसारख्या निवेदिकेला ती मुभा नाही, कारण तो शब्द तिचेच नाव होऊन बसतो.

रचनेचेही तसेच. ‘माझे केशवपन झाले’, ‘माझे केस काढले’, ‘मामंजींनी माझे केस काढविले’ ही उदाहरणादाखल रचलेली तीन वाक्ये एकच घटना सांगतात. पहिल्यात संस्कृत संज्ञेमुळे ती एक विधी ठरते आणि करणारा नाहीसा होतो. दुसऱ्यात त्याची चाहूल लागते, नाव मात्र नाही. तिसऱ्यात तो समोर येतो. तिन्हींत ‘मी’ मात्र कर्त्याच्या स्थानी नाही.