नांगर आधी उचला

खाडीकाठ ते खोल समुद्र : भाग 6

नवी मुंबईच्या पाण्यात पोवळं नाही. गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या खारफुटीवर लिहिलं, ते वाचून घणसोलीच्या एका शाळकरी मुलीनं विचारलं, ‘आपल्या खाडीत प्रवाळ का नाहीत?’ प्रश्न इतका नेमका आहे की आजचा अख्खा भाग त्याच्यासाठी.

उत्तर वाशीच्या पुलावरूनच दिसतं. ओहोटीला खाली पाहा. दूध जास्त झालेल्या चहासारखं पाणी आणि कडेला गुडघाभर रुतेल असा गाळ. उन्हाची तिरीप या पाण्यात हातभरसुद्धा खाली उतरत नाही. त्यात पावसाळ्यात उल्हास नदीचं आणि शहराच्या नाल्यांचं गोडं पाणी आत शिरतं आणि खाडीचा खारेपणा एकदम खाली येतो. खारफुटीला हे सगळं चालतं. ती गाळातच पाय रोवते आणि येणारा गाळ धरून ठेवते. प्रवाळाला मात्र चिकटायला खडक लागतो, अंगावर ऊन लागतं, आणि पाण्याचा खारेपणा वर्षभर फारसा हललेला चालत नाही.

ऊन कशाला, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. प्रवाळ हा प्राणी आहे. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, वरच्या तोंडाभोवती झालरीसारखी शुंडकं असलेला. तो बुडाशी चुन्याची वाटी बांधतो आणि तिच्यात बसतो. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. हजारोंची वसाहत झाली की आपल्याला ती एक दगडी गोळा किंवा एक पसरट पान वाटते. यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाळ राहतं. दिवसा ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाचे रंगही बरेचसे या भाडेकरूंचेच. पाणी गढूळ झालं की शैवाळाचं काम थांबतं, म्हणजे घरातली चूलच विझते. मंगळाच्या अंगठीतलं लाल पोवळं मात्र वेगळं. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं, अंधाऱ्या कपारींमध्ये वाढतं आणि त्याच्या पोटात असं शैवाळ नसतं. ‘पोवळं’ हा शब्द ‘प्रवाळ’पासूनच आला, त्यामुळे आपल्या भाषेत दोघं एकाच नावाखाली राहतात.

तर आपल्याजवळची प्रवाळभित्ती पाहायची तर मालवणला जावं लागतं. नेरुळ, वाशी, कोपरखैरणे इथल्या किती घरांचं गाव सिंधुदुर्गात आहे ते मे महिन्याच्या एस.टी.च्या रांगेत कळतं. म्हणून मी हा विषय ‘तिकडचा’ मानत नाही. मालवणच्या प्रवाळांवर पाय ठेवणारे पुष्कळ पाय आपल्याकडूनच जातात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ असल्याची शास्त्रीय नोंद तशी अलीकडची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी 1979 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांवर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा मालवणचं नाव पुढे आलं. 13 एप्रिल 1987 ला राज्य सरकारनं मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा. म्हणजे शिवरायांनी कुरटे बेटावर ज्या खडकांचा भरवसा धरून किल्ला उभारला, त्याच खडकांना प्रवाळांनीही धरलं आहे. 2001 मध्ये दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जो कायदा लागू, तोच यांनाही.

पण कागदावरचं अभयारण्य पाण्यात उतरलं नाही. मासेमारी बंद होईल, या भीतीनं गावांनी सुरुवातीपासून विरोध केला, आणि मला तो विरोध समजतो. ज्याच्या चुलीवर उद्याची मासळी शिजायची आहे त्याला न विचारता त्याच्या दारातलं पाणी राखीव केलं, तर तो नकाशाला नमस्कार कशाला करेल? पुढे पर्यटन वाढलं आणि त्याच घरांतली मुलं स्नॉर्कलिंगच्या होड्या चालवू लागली. आता पाण्याखालचं रान टिकणं हे त्यांच्याच मिळकतीचं कारण झालं आहे. माझ्या मते अभयारण्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी संधी आहे, आणि ती आपण जवळजवळ घालवतो आहोत.

कशी, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन गेले होते. होडी किल्ल्याच्या मागच्या अंगाला थांबली, नांगर खाली गेला, पाण्यातून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज वर आला. आम्ही मास्क लावून उतरलो. खाली पानासारख्या पसरलेल्या प्रवाळाचा एक मोठा तुकडा उलटा पडलेला होता. तुटल्या कडेचा चुना ताजा, पांढरा, खडूसारखा. दोन हातांवर एक पर्यटक होता. सोबतचा मुलगा त्याचा हात धरून एका गोलसर वसाहतीवर टेकवत होता, म्हणजे व्हिडिओत ‘प्रवाळाला हात लावला’ असं येईल. त्याच्या फिन्सच्या फटक्यानं तळची वाळू उसळली आणि मिनिटभर काहीच दिसेना. ती वाळू मग शांतपणे खाली बसली, त्या वसाहतीच्या उघड्या तोंडांवर.

हे माझ्या एकटीच्या डोळ्यांचं नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच अभ्यासकांनी मालवणमध्ये हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध केला. मोडतोड, ओरखडे, उलथलेल्या वसाहती असं सगळं त्यात आहे. प्रवाळाच्या अंगावरचं जिवंत कातडं कागदासारखं पातळ असतं. ते खरवडलं की तिथं शेवाळ बसतं, रोग शिरतो. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. जो गोळा आपण टेकायला वापरतो तो पुष्कळदा आपल्या वयाचा असतो.

आता ‘पुनर्रोपण’ या शब्दाकडे. वर्तमानपत्रांना तो आवडतो, कारण पाण्याखाली चौकट, तिच्यावर बांधलेलं रोप, शेजारी डायव्हर असा फोटो मिळतो. पद्धत खरी आहे आणि चांगली आहे. वादळानं किंवा नांगरानं तुटून पडलेले, पण अजून जिवंत असलेले तुकडे गोळा करायचे. ते पाण्यातल्या पाण्यातच, सावलीत धरून न्यायचे. काँक्रीटच्या चौकटीवर किंवा ठोकळ्यावर प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचे, हलू द्यायचे नाहीत. हललेला तुकडा चिकटत नाही, झिजून मरतो. मग पुढचे काही महिने पुन्हा पुन्हा खाली जाऊन बोटानं आणि दात घासायच्या ब्रशनं शेवाळ काढायचं. फोटोत हा ब्रश कधी येत नाही, आणि रोपाचं मरण-जगणं बरंचसं त्याच्यावर ठरतं. मालवणच्या पाण्यात असं काम झालं आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं राबवलेल्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तुतिकोरीनच्या सुगंधी देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात हात होता. गुजरातच्या मिठापूरला तर जिथून शाखादार प्रवाळ नाहीसे झाले होते तिथं ते थेट लक्षद्वीपहून आणून लावायचा प्रयत्न झाला, आणि जानेवारी 2020 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं तिथंच बायोरॉकची चौकट बसवली. समुद्राच्या पाण्यातल्या लोखंडी सांगाड्यातून अगदी सौम्य वीज सोडली की त्याच्यावर पाण्यातला चुना साठतो आणि प्रवाळाला आयता पाया मिळतो.

मुंबईचं उदाहरण आपल्या दारातलं. कोस्टल रोडच्या मार्गात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ निघाले. परवानग्या घेऊन नोव्हेंबर 2020 मध्ये 18 वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवल्या, काही कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या किनाऱ्याला. काम जपून झालं. तरी मला खटकतं ते हे, की 18 वसाहती मोजून हलवता आल्या, पण ज्या खडकांवर त्या बसल्या होत्या ते खडक, त्यांच्या खाचेतलं पाणी, त्यात लपणारे खेकडे आणि ऑक्टोपस यांना कोणत्याही ट्रेमध्ये घालता आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. शंभर तुकडे लावण्याआधी पहिला नांगर उचला. ज्या जागी रोज पंचवीस होड्या लोखंड टाकतात तिथं रोपं लावणं म्हणजे गुरं मोकळी सोडून वाफ्यात पेरणी करणं. यावरचा इलाज स्वस्त आहे आणि मालवणच्या माणसाला तो माहीतही आहे. त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी आम्ही एका साठीतल्या होडीवाल्या काकांबरोबर गेलो. त्यांनी खडकाळ भागाच्या कडेला वाळूत सिमेंट भरलेला पत्र्याचा डबा टाकून ठेवला होता, त्याला दोर, दोराला वर तरंगणारा तेलाचा निळा कॅन. पुढे उभ्या मुलाला ते ओरडले, “नांगर नको टाकूस रे, कॅनाक बांद!” मुलानं वाकून कॅन उचलला, दोर अडकवला, होडी थांबली. खाली एकही ओरखडा नाही. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? ते म्हणाले, “सांगूक कित्याक होया? फुटला तर लोक बगूक येतले काय?”

अशा ठरावीक बोया सगळ्या जागी हव्यात, सरकारी खर्चानं, आणि त्या कुठे बसवायच्या हे होडीवाल्यांना विचारून. एका जागी एका वेळी किती माणसं उतरणार याचा आकडा हवा. पोहता न येणाऱ्याला उतरवायचं तर वाळूच्या तळावर उतरवा, मासे तिथंही येतात. किनाऱ्यावरचा गाळ रोखायचा तर कोळंब आणि कर्लीच्या खाड्यांतली खारफुटी शाबूत हवी, कारण डोंगरावरून आलेली लाल माती खडकांवर जाण्याआधी तीच अडवते. आपल्या ऐरोलीच्या खारफुटीचा आणि मालवणच्या पोवळ्याचा संबंध हा असा आहे.

एक गोष्ट मात्र मालवणच्या हातात नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ पोटातलं शैवाळ बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा चुना पारदर्शक कातडीतून दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाळ परत येतं. 2015 च्या सुमाराला मालवणलाही असं मोठं विरंजन नोंदवलं गेलं. एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं महाविरंजन जाहीर झालं, आणि त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. मग नांगर उचलून काय उपयोग, असं कुणी विचारतं. उपयोग हाच की तापातून उठणाऱ्या रोग्याच्या छातीवर कुणी बसू नये. गाळ, जखमा आणि सांडपाणी यांतून सुटलेला प्रवाळ उन्हाळ्यानंतर सावरण्याची शक्यता जास्त असते. शिवाय मालवणचे प्रवाळ मुळातच गढूळ पाण्याला सरावलेले, चिवट जातींचे आहेत. अशा चिवटांचं बियाणं पुढे लागणार आहे.

विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटरवर खोल समुद्रात बुडालेल्या आंग्रे बँकेचं प्रवाळ याहून देखणं आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही जागा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर पडते, त्यामुळे तिच्या संरक्षणासाठी 1976 चा सागरी क्षेत्रांचा वेगळा कायदा पुढे करावा लागला. ती गोष्ट पुढच्या रविवारी, कारण तिला पूर्ण भाग लागेल.

आणि घणसोलीच्या मुलीसाठी: तुला मालवणपर्यंत थांबायची गरज नाही. वाशीहून कुर्ला, तिथून दादर, तिथून महालक्ष्मी. अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची मोठी सुकती पाहून हाजी अलीच्या खडकांकडे मोठ्या माणसाबरोबर जा. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी किनाऱ्यावरून फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर गेलीस तर उत्तम. बूट घट्ट घाल. पाणी ओसरल्यावर खाचेत थाळीएवढा, राखाडी-तपकिरी, अंगावर पांढरट रेघांची जाळी असलेला चपटा दगड दिसेल. लोक त्याच्यावरून चालत जातात. खाली बसून नीट पाहिलंस तर त्या जाळीच्या प्रत्येक घरात मिटलेलं एकेक तोंड दिसेल, भरतीची वाट पाहणारं.