बोट सहाला लागते, माणूस सहाला उतरत नाही

“बोट सकाळी सहाला लागतीये ना? मग साडेआठची फ्लाइट आरामात मिळते की!”

हे वाक्य या हिवाळ्यात मी चौथ्यांदा ऐकलं. यावेळी हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून. मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझ, सोबत बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा, आणि तो दुपारी ऑफिसात हजर हवा, म्हणून उतरल्या दिवशीच मुंबईहून सकाळी साडेआठचं विमान. तिकीट काढून झालेलं, तेही पैसे परत न मिळणारं. सोसायटीत तिकिटांची उस्तवार मीच करतो असा समज असल्यामुळे माझ्याकडून फक्त मान हलवून हवी होती. मी हलवली नाही. काकांना राग आला. थोडा मलाही आला, कारण याआधीच्या तिघांनाही मी हेच सांगितलं होतं आणि तिघांनीही “अहो, काहीतरी ॲडजस्ट होतं” असंच म्हटलं होतं.

घोळाचं मूळ ‘लागते’ या क्रियापदात आहे. मराठीत बोट दोनदा लागते: एकदा पोटात ढवळून येतं तेव्हा आणि एकदा धक्क्याला. या दुसऱ्या लागण्याचा अर्थ जहाज दोरखंडांनी धक्क्याला बांधलं गेलं, इतकाच. माणसं उतरू लागली असा तो होत नाही. कोकणच्या स्टीमरमधून वेंगुर्ल्याला किंवा मालवणला जाणाऱ्या चाकरमान्याला हे समजावावं लागलं नसतं. बोट बाहेर पाण्यात नांगर टाकायची, मग पडाव यायचे, मग ट्रंका, पोरं आणि फणस पडावात उतरायचे, आणि पाय वाळूला लागेपर्यंत किती वेळ जाईल ते लाटा ठरवायच्या. घरचे लोक बोटीचा भोंगा ऐकून चहाचं आधण ठेवत नसत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तोवर बोटीचे दिवस गोष्टींपुरते उरले होते. आता क्रूझ आली आहे, पण आपल्या डोक्यात बोट म्हणजे शिवनेरी बस झाली आहे. थांबली, दार उघडलं, उतरलो.

मुंबईला जहाज येतं तेव्हा काय होतं ते बघा. बंदराबाहेर जहाजावर एक पायलट चढतो. हा विमानवाला नव्हे. बंदराचे प्रवाह, भरती-ओहोटी आणि उथळ जागा पाठ असलेला बंदराचा माणूस. त्याच्या सल्ल्याने कप्तान जहाज आत आणतो. मुंबई बंदराची मुख्य जलवाट न्हावाशेव्याच्या कंटेनर जहाजांच्याही वापरात असते, तेव्हा आपली पाळी येईपर्यंत थांबणं आलंच. मग टग येतात, जहाज बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला टेकवलं जातं, दोर बांधले जातात. त्यानंतर शिडी जोडायची. गँगवे म्हणा, पण ती शिडीच. ती जोडली की संबंधित अधिकाऱ्यांचा होकार लागतो. जहाज परदेशातून आलं असेल तर आरोग्य, इमिग्रेशन आणि कस्टम्स असे तीन होकार. जहाजावर साथीचा आजार नाही हे मान्य होईपर्यंत परदेशातून आलेल्या जहाजाने पिवळं निशाण लावून थांबायचं, ही जगभरच्या बंदरांची जुनी रीत आहे.

होकार ही नुसती औपचारिकता आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारी २०२२ आठवावा. मुंबईहून सुमारे दोन हजार माणसं घेऊन गेलेली कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ गोव्यात मुरगावला पोचली होती. समोर जमीन दिसत होती. चाचण्यांत ६६ जण कोरोनाबाधित निघाले, गोवा सरकारने प्रवाशांना उतरू दिलं नाही, आणि जहाज मुंबईला परत आलं. हा टोकाचा प्रसंग, मान्य. पण जहाजाचं दार आतून उघडत नाही, हे त्यातून दिसतं.

आता खरी अडचण, गर्दीची. डेक्कन क्वीनला सोळा डबे, प्रत्येक डब्याला फलाटाच्या बाजूला दोन दारं, म्हणजे तीसेक दारांतून माणसं एकदम बाहेर पडतात आणि दहा मिनिटांत पुणे स्टेशनचा फलाट मोकळा होतो. ‘एम्प्रेस’ हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज. भरलं की प्रवासी दीड हजारांच्या पुढे. त्यांना उतरायला शिड्या एक, फार तर दोन. प्रत्येक माणूस दारात आपलं कार्ड दाखवतो, यंत्र टुणकन वाजतं, तो यादीतून ‘उतरला’ म्हणून वजा होतो; आत कोण राहिलं याचा हिशोब जहाजाला चोख ठेवावाच लागतो. माणसामागे चारच सेकंद धरा, कुणाचं कार्ड सापडत नाही, कुणाच्या बॅगेचं चाक अडकतं, हे सोडून द्या. एका शिडीवरून दीड हजार माणसांना शंभर मिनिटं लागतात. आणि शिडी उतरल्यावर टर्मिनलमध्ये सामानाचा ढीग असतो, त्यात एकाच रंगाच्या शेकडो बॅगा, त्यातली आपली कोणती हे ओळखण्याचा कार्यक्रम वेगळाच.

काकांच्या तिकिटावर हा हिशोब लावून पाहिला. जहाज सहाला, अगदी वेळेवर लागलं असं समजू. शिडी आणि परवानग्या होईपर्यंत पावणेसात-सात. स्वतःचं सामान स्वतः उचलणारे पहिले लोक सव्वासात-साडेसातला खाली. देशांतर्गत उड्डाणासाठी इंडिगो, एअर इंडिया यांची चेक-इनची खिडकी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होते. साडेआठच्या विमानाची खिडकी साडेसातला बंद. म्हणजे मुलाची चप्पल बॅलार्ड पिअरच्या काँक्रीटवर टेकेल त्याच सुमाराला पंचवीसएक किलोमीटरवर त्याचं विमान त्याच्यापुरतं निघून गेलेलं असेल. यात टॅक्सी मिळणं आलेलं नाही. सकाळची मुंबई तर मी मोजलेलीच नाही.

“पण त्याचं वेब चेक-इन असणार,” काका म्हणाले.

वेब चेक-इन म्हणजे खुर्ची ठरली. बॅग द्यायची खिडकी त्याने उघडी राहत नाही, आणि क्रूझवरून हँडबॅग घेऊन परतणारं मराठी कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. सुरक्षा तपासणीची रांग उरतेच. विमान सुटण्याच्या पंचवीसएक मिनिटं आधी बोर्डिंगचं दार बंद होतं तेही आहेच.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? हाच माणूस लोहगावला विमान पकडायला हडपसरहून तीन तास आधी निघतो. मगरपट्टा, मुंढवा चौक, खराडी बायपास, विमाननगर. सगळं मिळून अंतर बारा-पंधरा किलोमीटरचं. “मुंढव्याला अडकलो तर?” असं म्हणून पहाटे चारला रिक्षा बोलावतो. मुंढवा चौकाला जो मान देतो तो अख्ख्या अरबी समुद्राला द्यायला तयार नाही. समुद्राला पंधरा मिनिटं, मुंढव्याला दीड तास!

मग विमान कितीचं घ्यावं? माझा हिशोब असा. सामान स्वतः उचलून पहिल्या तुकडीत उतरणार असाल तर आठच्या सुमाराला टर्मिनलबाहेर, नऊ-सव्वानऊला विमानतळ. कागदावर सव्वादहाचं विमान बसतं, पण मी साडेअकराच्या आधीचं घेऊ देणार नाही. सामान आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवून रंगीत टॅग लावणार असाल, तर तुमचा रंग पुकारला जाईपर्यंत सोफ्यावर बसायचं. बाहेर पडायला नऊ-साडेनऊ, विमान दुपारी एकच्या पुढचं. हे माझ्या मनचं नाही. जगभरच्या अनेक जहाज कंपन्या परतीचं विमान दुपारी बारानंतरचं घ्या असं प्रवाशांना लेखी सांगतात. ते वाचायला कुणाला वेळ नसतो, कारण त्याच कागदावर वर जेवणाचा मेनू असतो.

लोहगावहून विमान असेल तर गोष्ट आणखी वेगळी. बॅलार्ड पिअरजवळून ईस्टर्न फ्रीवे, पुढे शिवडीहून अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा सुमारे २१.८ किलोमीटरचा पूल मुंबईतून बाहेर पडण्याचा त्रास खरोखर कमी करतो, यात वाद नाही. पण तो घाटात गाड्यांची रांग लागली की ती उचलून बाजूला ठेवत नाही. दीडशे किलोमीटरला चार तास धरा. आठला निघालात तर बारा. विमान तीनच्या पुढचं.

एक चांगली बातमीही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. बॅलार्ड पिअरहून अटल सेतूमार्गे तो सोयीचा, आणि कुटुंबातले बाकीचे पुण्याला जाणार असतील तर त्यांच्या वाटेवरचा. मुलाला तिथे सोडायचं आणि पुढे जायचं. फक्त तिकिटावर नीट बघा. ‘मुंबई’ वाचून सांताक्रूझला आणि अंधेरीला धावणाऱ्यांचं टी-१ आणि टी-२ मध्येच हुकायचं. आता तिसरा पर्याय आला आहे.

काकांनी यावर बुद्धिबळातली चाल टाकावी तसं विचारलं, “मग गोव्यालाच उतरलो तर? दाबोळी तिथून जवळ आहे.”

हा प्रश्न शहाणपणाचा होता. मुरगाव बंदरापासून दाबोळी विमानतळ काही किलोमीटरवर आहे, आणि शेवटची रात्र सोडायची तयारी असेल तर सकाळच्या विमानाचा यापेक्षा सरळ मार्ग नाही. पण मनात आलं आणि बॅग घेऊन चालू लागलो, असं चालत नाही. तुमचं नाव मुंबईपर्यंतच्या यादीत असतं; कंपनीला आधी कळवून, लेखी होकार घेऊन, बिल मिटवूनच उतरायचं. उरलेल्या रात्रीचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नये. परदेशी मार्गावर तर त्या बंदरात इमिग्रेशनची सोय हवी, त्या देशाचा व्हिसा हवा. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईबाबांसाठी खास सूचना: तिथे १८८६ चा एक कायदा अजून जिवंत आहे, त्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या अमेरिकन बंदरात सरसकट सोडता येत नाही. मध्येच उतरलात तर जहाजाला दंड होतो आणि कंपनी तो तुमच्याकडून वसूल करू शकते. “पैसे भरलेत, कुठेही उतरीन” हे तिथे चालत नाही. आणि गोव्यातही तिकीट दाबोळीचं आहे की मोपाचं ते बघा. मोपा पेडण्यात आहे, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत उरकतो, कारण तेही दर वेळी येतातच.

“बोट उशिरा आली तर विमान कंपनी पुढच्या विमानात बसवेल.” नाही. ही दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे करार. विमान कंपनीच्या लेखी तुम्ही नुसतेच आला नाहीत. मात्र विमान हुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यायचं, असा डीजीसीएचा नियम आहे. ते मागून घ्या. बरेच जण मागतच नाहीत.

“रिसेप्शनला थोडं काही दिलं की पहिलं सोडतात.” द्यायची गरजच नसते. आदल्या दिवशी विमानाची वेळ सांगा, शक्य असेल तर लवकरच्या तुकडीत घालतात.

“व्हीलचेअर घेतली की आधी उतरवतात.” ढकलणारा माणूस मोकळा होईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा उलटही होऊ शकतं. आणि धडधाकट माणसाने हा विचारही करू नये.

“सिंगापूरच्या क्रूझला एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो.” जहाज दुसऱ्या देशाला लागून परत आलं की तो सिंगापुरात नव्याने प्रवेश असतो. मल्टिपल एंट्री आहे का ते बघा, आणि अरायव्हल कार्डही पुन्हा भरा.

“रात्री सगळं सामान बाहेर ठेवून दिलं की सकाळी हात मोकळे.” सकाळी घालायचे कपडे बाजूला काढा. एका गृहस्थांनी सगळ्या पँटी टॅग लावून रवाना केल्या होत्या; ते दीड हजार माणसांच्या रांगेत नाइट पायजम्यात उभे होते. औषधं, पासपोर्ट आणि विमानाची कागदपत्रंही त्याच बॅगेत जातात, हे त्यांना नंतर आठवलं.

काकांनी शेवटी फोन काढला. साडेआठचं तिकीट बुडालं, त्यातले कर तेवढे परत येतील. नवं काढलं दुपारी दोन चाळीसचं. मुलाने ऑफिसला अर्धी रजा टाकली. लिफ्टचं दार बंद होता होता काकांनी पाय मध्ये घातला आणि विचारलं,

“म्हणजे शेवटच्या दिवशीचा नाश्ता मिळतो का बोटीवर?”

मिळतो, म्हटलं. साडेआठच्या विमानवाल्यांनाच तो मिळत नाही.