पाचारणाची पारख : शिष्यत्व, सेवाकार्य आणि रुग्णशय्येवरील निर्णय



वार्षिक अहवालात आपण जमाखर्च पाहता, विभागवार कामाचा आढावा वाचता. याखेरीज एका विषयावर चार शब्द लिहावेत, असे आम्हास वाटले. मिशनच्या रुग्णालयांत आयुष्य वेचणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, धर्मभगिनी आणि पाळक यांच्याविषयी रुग्णांचे नातेवाईक नेहमी एक प्रश्न विचारतात. ‘देवाने आम्हाला बोलावले’ असे ही माणसे म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय? हे बोलावणे खरे की मनाचा भास, हे कसे ओळखावयाचे? आणि दीर्घ आजारातून उठलेला आपलाच मुलगा किंवा मुलगी एक दिवस ‘मलाही याच वाटेने जावयाचे आहे’ असे म्हणाली, तर घरच्यांनी काय करावे? हा लेख कोणत्याही धर्माच्या वाचकाला उपयोगी पडावा, अशा हेतूने लिहिला आहे.

शब्दाचा अर्थ

मराठी ख्रिस्ती समाजात या बोलावण्यासाठी ‘पाचारण’ हा शब्द रूढ आहे. येशूने गालील सरोवराच्या काठी जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना आपल्यामागे येण्यास सांगितले, ही शुभवर्तमानातील कथा या कल्पनेच्या मुळाशी आहे. त्या कोळ्यांपाशी विद्वत्ता नव्हती, अधिकारही नव्हता. यावरून ख्रिस्ती परंपरेने दोन गोष्टी घेतल्या. पाचारण पात्रतेचे बक्षीस नव्हे, ही पहिली. आणि ते ऐकणाऱ्याला काहीतरी मागे ठेवावे लागते, ही दुसरी.

केळझरच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. वर्धा–नागपूर मार्गावरील हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी प्रसिद्ध आहे आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी येथील लोकश्रद्धा आहे. बकासुराकडे जाण्याची पाळी एका गरीब कुटुंबावर आली, तेव्हा त्यांच्याऐवजी भीम गेला. परंतु तो आपल्या मनाने उठून गेला नाही. कुंतीने त्या घराचे रडणे ऐकले, मुलाचे बळ जोखले, इतरांशी विचारविनिमय केला आणि मग त्यास पाठविले. दुसऱ्याचे दुःख कानी पडणे, आपले सामर्थ्य ओळखणे आणि वडीलधाऱ्यांची संमती मिळणे, या तीन गोष्टी त्या कथेत आहेत. ख्रिस्ती पाचारणाची पारख करतानाही बहुधा याच तीन गोष्टी पाहिल्या जातात.

शिष्यत्व सर्वांसाठी, सेवाकार्य काहींसाठी

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शिष्यत्व, म्हणजे येशूच्या शिकवणीप्रमाणे जगणे, हे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचे पाचारण मानले जाते. शेतकरी, शिक्षक, हिशेबनीस, गृहिणी असे सर्व त्यात आले. सेवाकार्य, म्हणजे पाळक, धर्मगुरू किंवा धर्मभगिनी म्हणून मंडळीने सोपविलेली जबाबदारी, ही मात्र काहींचीच असते. या दोहोंची गल्लत झाली की दोन चुका होतात. ‘दीक्षा घेतली नाही म्हणजे आपली सेवा दुय्यम’ असे काहींना वाटू लागते, तर केवळ भक्ती दाटून आली म्हणून काही जण पाळक होऊ पाहतात.

या भेदाचे उत्तम उदाहरण वर्धा शहरातच आहे. डॉ. जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील. लंडनमध्ये ते लेखापरीक्षक झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास करताना भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना दिसू लागली. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि जीवनाची दिशा बदलली. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत राहून त्यांनी तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशा उद्योगांची उभारणी केली. तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. ते पाळक कधीच नव्हते. हिशेब तपासण्याची विद्या त्यांनी टाकून दिली नाही, ती खेड्याच्या कामी लावली. पाचारण म्हणजे आपले सर्व शिक्षण सोडून देणे नव्हे, हे आम्ही तरुण कर्मचाऱ्यांना त्यांच्या उदाहरणावरून सांगतो.

दीक्षित सेवकाचे उदाहरणही फार दूर नाही. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी शाळा चालविली, गोंड समाजाच्या परंपरा टिपून ठेवल्या, येथील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. पुढे नागपुरात त्यांच्या नावाने महाविद्यालय निघाले. सेवाकार्य म्हणजे केवळ प्रवचन, असा समज त्यांच्या चरित्रावरून दूर होतो.

टिळक दांपत्य : एकाचे पाचारण दुसऱ्याचे नव्हे

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. टिळक काही काळ नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. त्यांनी तो वाचला, प्रश्न विचारले, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचा भार एकट्या टिळकांवर पडला नाही. लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा यांच्यावर जणू आभाळ कोसळले. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आल्या, तरी त्यांनी आपला आचार सोडला नाही. सोवळे, शिवाशीव, खाणेपिणे यांचा एकेक प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाप्रत त्या स्वतः आल्या आणि १९०० मध्ये, पतीनंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आला आहे. पतीचा निर्णय म्हणून पत्नीचा निर्णय झाला नाही, हे महत्त्वाचे.

टिळकांनाही पाळकपदाची दीक्षा लगेच मिळाली नाही. ती १९०४ मध्ये मिळाली. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. पाचारण एकदा ऐकून संपत नाही, त्याची पारख आयुष्यभर करावी लागते, हे त्यांच्या चरित्रातून कळते.

पारख कशी करतात?

निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांत पद्धती वेगळ्या असल्या, तरी पुढील कसोट्या बहुतेक ठिकाणी आढळतात.

पहिली कसोटी टिकाऊपणाची. तिची सर्वांत प्रसिद्ध मांडणी एका जखमी रुग्णाने केली, याचे रुग्णालयाला विशेष वाटते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले इग्नेशियस लोयोला अनेक महिने अंथरुणास खिळले होते. पराक्रमाची स्वप्ने रंगविताना त्यांस आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतचरित्रे वाचून तसे जगण्याचा विचार करताना लाभलेले समाधान मात्र नंतरही टिके. क्षणिक उमाळा आणि टिकणारी शांती यांतील हा फरक ओळखणे, हा त्यांनी घालून दिलेल्या आध्यात्मिक साधनेचा पाया झाला.

दुसरी कसोटी दुसऱ्याच्या कानाची. बायबलमधील बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते आणि प्रत्येक वेळी तो वृद्ध एली याजकाकडे धाव घेतो. ही हाक देवाची असावी, हे प्रथम त्या वृद्धाच्या ध्यानात येते. म्हणून एकट्याने ऐकलेल्या हाकेवर विसंबू नये. अनुभवी, निःस्वार्थी व्यक्तीपुढे ती मांडावी, असे सांगितले जाते.

तिसरी कसोटी सामर्थ्याची आणि खर्चाची. मनोरा बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा येशूचा दृष्टान्त आमच्या विश्वस्तांना बांधकामाच्या प्रत्येक बैठकीत आठवावा असाच आहे. प्रकृती, शिक्षण, घरची जबाबदारी, कर्ज, वृद्ध आईवडील यांचा विचार करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

चौथी कसोटी गरजेची. ज्यांची सेवा करावयाची, त्यांना आपला उपयोग होतो काय? रुग्णाच्या उशाशी बसून मोठ्याने प्रार्थना करणाऱ्याला त्याच रुग्णाचे भांडे उचलण्याची किळस वाटत असेल, तर पारख अजून अपुरी आहे.

घाई नको : मंडळीचे नियम

पाचारण व्यक्तीला जाणवते, परंतु सेवाकार्य मंडळी सोपविते. म्हणून त्यात मुद्दाम विलंब ठेवलेला असतो. कॅथोलिक धर्मसंहितेनुसार धर्मसंघात येणाऱ्यास किमान १२ महिन्यांचा उमेदवारीचा काळ पूर्ण करावा लागतो. त्यानंतरची व्रते किमान ३ वर्षे मुदतीची असतात, आणि वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कायमची व्रते घेता येत नाहीत. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यास तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा किमान ६ वर्षांचा अभ्यास करावा लागतो आणि दीक्षेसाठी सामान्यतः २५ वर्षांचे वय पूर्ण असावे लागते. नागपूरचा ‘सेमिनरी हिल्स’ भाग सर्वांना परिचित आहे. त्या नावामागे तेथील सेंट चार्ल्स सेमिनरी हे अशाच शिक्षणाचे स्थान आहे.

प्रोटेस्टंट परंपरेत उमेदवाराची शिफारस प्रथम स्थानिक मंडळी करते. मग ईशज्ञान महाविद्यालयातील शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा काळ येतो व त्यानंतर दीक्षा दिली जाते. या बाबतीतही विदर्भाचे स्थान मोठे आहे. अनेक मंडळ्यांच्या एकत्रीकरणातून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली. आज पुण्यात असलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पर्यंत यवतमाळला होते.

रुग्णशय्येवरील निर्णय

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आजारी माणूस दुबळा असतो. वेदना, भीती, औषधांची गुंगी आणि उपचार करणाऱ्यांविषयीची कृतज्ञता यांच्या दडपणाखाली घेतलेला निर्णय मुक्त असेलच, असे नाही. कृतज्ञता ही थोर भावना आहे, पण कृतज्ञता म्हणजे पाचारण नव्हे. ‘बरा झालो तर असे करीन’ हा नवस झाला; पाचारणात अशी देवाणघेवाण नसते.

या प्रश्नाला येथे इतिहासही आहे. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये त्या सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो काय, हा प्रश्न तीत ठळकपणे मांडला गेला. त्या अहवालाशी अनेक ख्रिस्ती नेत्यांनी तीव्र मतभेद नोंदविले. वाद कसाही असो, रुग्णाची असहायता ही कोणाचीही संधी होता कामा नये, हे तत्त्व दोन्ही बाजूंनी मान्य करण्याजोगे आहे. खऱ्या पाचारणाला असहायतेचा आधार लागतच नाही.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. उपचार आणि सवलत यांचा श्रद्धेशी संबंध नसावा. प्रार्थना रुग्णाने मागितली तरच व्हावी. एखाद्या रुग्णाने अथवा नातेवाइकाने धार्मिक जीवनाची इच्छा बोलून दाखविली, तर त्यास प्रथम बरे होऊन घरी जाण्यास, कुटुंबीयांशी बोलण्यास आणि काही महिने आपल्या नित्याच्या कामात राहण्यास सांगावे. इच्छा त्यानंतरही टिकली, तर ज्या त्या परंपरेतील जाणत्यांकडे त्याने स्वतः जावे. कुटुंबीयांनीही रागाने दार लावू नये आणि भारावून जाऊन ढकलूही नये. ऐकून घ्यावे, प्रश्न विचारावेत, वेळ द्यावा.

या जिल्ह्याला सेवेची हाक नवी नाही. हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे एका कुष्ठरुग्णाला पाहून प्रथम भयाने दूर गेले आणि त्या भयाशीच झुंजण्यासाठी परत फिरले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. त्यांची श्रद्धा वेगळी, शब्द वेगळे. पण दुसऱ्याचे दुःख पाहून परत फिरणारी पावले तीच. आपण दिलेल्या प्रत्येक देणगीमागे अशीच काही हाक असेल, अशी आमची भावना आहे. तिचा मान राखणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.