भास्कराचार्यांचा आयत

नाशिककरांनो, आपल्याच विभागात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातलं (इ.स. ११५० च्या सुमाराचं) हे कोडं मला अफाट आवडतं:

क्षय = ४क्ष + ३य + २

क्ष आणि य या आयताच्या बाजू माना. त्यातून ४क्ष आणि ३य क्षेत्रफळाच्या पट्ट्या कापा. कोपऱ्यातला १२ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला जातो, म्हणून तो एकदा परत मिळवायचा. उरलेला छोटा आयत:

(क्ष − ३)(य − ४) = १४

आता १४ चे अवयव पाडा, १×१४ किंवा २×७. धन पूर्णांकांत मूळ आयत चारच निघतात: ४×१८, ५×११, १०×६, १७×५. पडताळा घ्या: ५×११ = २०+३३+२. आठवीच्या मुलांना अवयव शिकवताना आधी हे चित्र काढून दाखवाच!