कंपनीने सोडलेले फोन आणि कस्टम रॉम

स्मार्टफोनमध्ये कंपनीने बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम काढून तिच्या जागी दुसऱ्या कुणी तयार केलेली अँड्रॉइडची आवृत्ती बसवली, तर त्या आवृत्तीला कस्टम रॉम म्हणतात. रॉम म्हणजे मुळात फक्त वाचता येणारी, न बदलणारी स्मृती. फोनची सिस्टीम ज्या कप्प्यात असते त्याला वापरणाऱ्याने एरवी हात लावायचा नसतो. म्हणून त्या कप्प्याला, आणि पुढे त्यात भरायच्या फाइललाही, हौशी मंडळी रॉम म्हणू लागली. ही फाइल भरण्याला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात.

हे शक्य होते ते अँड्रॉइडच्या परवान्यांमुळे. गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली आणि या प्रणालीचा मूळ कोड पुढे अपाची परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. तिच्या तळाशी असलेला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल परवान्याखाली येतो. जो कुणी तो वाटेल, त्याने आपण केलेल्या बदलांचा कोडही मागणाऱ्याला दिला पाहिजे, अशी त्या परवान्याची अट आहे. त्यामुळे फोन कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याच्या सिस्टीमचा बराच भाग अभ्यासूंच्या हाती येऊ शकतो.

फोनमधले सॉफ्टवेअर थरांचे असते. सर्वात खाली क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या चिप बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर, त्यांच्यासोबत कर्नल, त्यावर गूगलचे अँड्रॉइड आणि सर्वात वर फोनच्या कंपनीचा स्वतःचा साज. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की हे सगळे थर पुन्हा एकमेकांशी जुळवावे लागतात. चिपवाल्याने जुन्या चिपसाठी नवे ड्रायव्हर देणे थांबवले, की फोनच्या कंपनीचे काम अवघड होते. शिवाय विकून झालेल्या फोनवर मेहनत घेऊन तिला नवे पैसे मिळत नाहीत. परिणामी पडदा, कॅमेरा, बॅटरी सगळे धडधाकट असतानाही फोन सॉफ्टवेअरच्या दृष्टीने म्हातारा ठरतो. कस्टम रॉमची गरज इथे निर्माण होते.

या हौसेची सुरुवात पहिल्याच अँड्रॉइड फोनपासून झाली. एचटीसीने बनवलेला ‘ड्रीम’ ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी-१ या नावाने विक्रीला आला. त्यात १९२ एमबी रॅम होती आणि पडदा सरकवला की खालून कळफलक बाहेर येई. त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अजब चूक राहून गेली होती. कळफलकावर जे काही टाइप होई, ते पडद्यावर उमटत असतानाच पडद्यामागे सर्वाधिकार असलेल्या एका अदृश्य खिडकीतही जाई. गप्पांच्या ओघात कुणी ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबले, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने ही चूक लगेच दुरुस्त केली, पण तोवर जाणकारांना फोनचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट सापडली होती. असा ताबा मिळवण्याला ‘रूट करणे’ म्हणतात.

२००९ मध्ये स्टीव्ह काँडिक या प्रोग्रामरने याच फोनसाठी स्वतःची आवृत्ती काढली. त्याच्या टोपणनावावरून तिला सायनोजेनमॉड हे नाव पडले. जी-१ ची अंतर्गत जागा अगदी तुटपुंजी होती. सायनोजेनमॉडने अ‍ॅप मेमरी कार्डवर ठेवण्याची सोय दिली. अधिकृत अपडेट १.६ वर थांबले, तरी सायनोजेनमॉडने त्याच फोनवर अँड्रॉइड २.२ चालवून दाखवले. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने मात्र आक्षेप घेतला. अँड्रॉइड खुले असले तरी जीमेल, नकाशे, अ‍ॅप स्टोअर ही गूगलची खासगी मालमत्ता आहे आणि ती रॉममध्ये घालून वाटता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तेव्हापासून कस्टम रॉम बहुधा गूगलच्या अ‍ॅपविना मिळते आणि ती अ‍ॅप वेगळी फ्लॅश करावी लागतात. त्या जुडग्याला हौशी मंडळी ‘गॅप्स’ म्हणतात.

मराठी वाचकांसाठी रूट करण्याला त्या काळी आणखी एक कारण होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी फाँटच नव्हता. मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. काही जण फोन रूट करून सिस्टीमच्या कप्प्यात देवनागरी अक्षरे असलेला फाँट बसवत. त्याने अक्षरे दिसू लागत, पण अक्षरजुळणीचे नियम सिस्टीमला ठाऊक नसत. ‘दिवस’मधली पहिली वेलांटी द च्या आधी न येता नंतर येई आणि ‘स्वागत’मधला स पाय मोडून वेगळा उभा राही. रूट न करणाऱ्यांसाठी ओपेरा मिनी ब्राउझरच्या एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये पर्याय होता. तो निवडला की मजकूर सर्व्हरवरच जुळवून चित्ररूपाने फोनवर येई. २०११-१२ मधल्या ४.० आणि ४.१ या आवृत्त्यांपासून अँड्रॉइडमध्येच देवनागरीची सोय होत गेली आणि या खटपटींची गरज संपली.

आजही रॉम बदलण्याची पद्धत साधारण ठरलेली आहे. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. तिथे बूटलोडर उघडण्याची परवानगी द्यायची. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम. पुढची सिस्टीम कंपनीचीच आहे ना, हे तो तपासतो. फोन केबलने संगणकाला जोडून हे कुलूप उघडले की फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. चोराला कुलूप उघडून आतले फोटो आणि निरोप मिळू नयेत, म्हणून ही तजवीज असते. त्यानंतर रिकव्हरी नावाची छोटी स्वतंत्र प्रणाली बसवतात आणि तिच्यातून रॉम व गॅप्स फ्लॅश करतात. पहिल्यांदा सुरू व्हायला फोन नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. कंपनीच्या चिन्हावरच अडकून तो पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला, तर त्याला बूटलूप म्हणतात. यातून बहुधा मार्ग निघतो. दुसऱ्याच मॉडेलची फाइल चुकून बूटलोडरच्या कप्प्यात गेली, तर मात्र फोन कशालाच दाद देत नाही. ‘ब्रिक झाला’ हा शब्दप्रयोग त्यासाठीच आहे: फोनची वीट झाली.

रॉम तयार करणाऱ्यांची मुख्य अडचण ड्रायव्हरची असते. कर्नलचा कोड मिळाला तरी कॅमेरा, मोडेम, बोटाचा ठसा वाचणारा भाग यांचे बरेचसे सॉफ्टवेअर बंदिस्तच असते. ते जुन्या अधिकृत आवृत्तीतून उचलून नव्या अँड्रॉइडशी जमवून घ्यावे लागते. कस्टम रॉममध्ये सर्वाधिक तक्रारी कॅमेऱ्याच्या असतात, त्या यामुळेच.

हौसेतून उभ्या राहिलेल्या सायनोजेनमॉडची २०१३ मध्ये कंपनी झाली. २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन तिचे सॉफ्टवेअर घेऊनच बाजारात आला. भारतात मात्र सायनोजेनने मायक्रोमॅक्सशी वेगळा एकाधिकाराचा करार केला आणि तिचे सॉफ्टवेअर असलेला यू युरेका डिसेंबर २०१४ मध्ये आला. या करारावरून झालेला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्याच महिन्यात वनप्लसच्या विक्रीवर अंतरिम मनाई आली. खंडपीठाने ती काही दिवसांतच उठवली. वनप्लसने २०१५ मध्ये ऑक्सिजन ओएस ही स्वतःची प्रणाली आणली. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीने सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. कोड खुला असल्याने स्वयंसेवकांनी तो उचलला आणि त्याच महिन्यात लिनिएज ओएस सुरू केले. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. नावातच कुळाचा दाखला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत सादर झालेला पोको एफ-१ भारतातल्या हौशी लोकांचा लाडका ठरला. कंपनीची अपडेट्स अँड्रॉइड १० वर थांबली; त्यापुढच्या आवृत्त्या या फोनवर लिनिएजसारख्या रॉममधून आल्या.

दरम्यान गूगलनेही अपडेट्सच्या प्रश्नावर उपाय शोधायला सुरुवात केली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातच तिने अँड्रॉइड वन योजना आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन तिच्यात होते आणि अपडेट्सची जबाबदारी गूगलने घेतली होती. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. खास बनवलेला एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येत होता. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा अपडेट काढायला सुरुवात केली. २०१७ मधल्या अँड्रॉइड ८ सोबत आलेल्या ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपवाल्यांचा थर वरच्या थरापासून वेगळा केला, म्हणजे खालचा न बदलता वरचा बदलता यावा. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस-२४ साठी सात वर्षांच्या अपडेट्सचे वचन दिले. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला अपडेट्स उपलब्ध ठेवावी लागतात.

कुलूप उघडलेल्या फोनवर मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त बंधने आहेत. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही तपासणी फोनची सिस्टीम प्रमाणित आहे की नाही ते अ‍ॅपला कळवते, आणि उत्तर नकारार्थी आले तर बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप चालायला नकार देऊ शकते. काही फोनवर चित्रपट पूर्ण दर्जाने दिसत नाहीत. सॅमसंगच्या नॉक्स व्यवस्थेत अनधिकृत सॉफ्टवेअर बसताच चिपमधला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. नंतर मूळ सिस्टीम परत बसवली तरी सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत.

त्यामुळे रोजच्या व्यवहारांच्या एकुलत्या एका फोनवर कस्टम रॉम घालणे आज सोयीचे राहिलेले नाही. कंपनीची अपडेट्स थांबलेला, कपाटात पडलेला दुसरा फोन असेल, त्यातली माहिती आधी दुसरीकडे उतरवून घेतली असेल आणि नेमक्या त्याच मॉडेलसाठी रॉम मिळत असेल, तर पुस्तके वाचणे, गाणी ऐकणे किंवा मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ पाहणे अशा कामांसाठी तो फोन नव्या अँड्रॉइडसह आणखी काही वर्षे वापरता येतो.