केळफुलाची खालची बाजू

पुण्यातल्या मंडईतून बाजीराव रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर विश्रामबागवाडा. दर्शनी भागाकडे मान वर करून पाहिलं की सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि केळफुलांचं कोरीव काम दिसतं. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यातलं केळफूल आज सीएनसी यंत्रावर कोरायचं ठरवलं तर?

सीएनसी यंत्र आकड्यांच्या हुकमावर चालतं. आकड्यांवर चालणाऱ्या अशा यंत्राचं पहिलं प्रात्यक्षिक अमेरिकेतल्या एमआयटीत १९५२ साली झालं, तेव्हा आकडे कागदी पट्टीवरच्या भोकांतून येत. आता संगणक फुलाच्या प्रत्येक बिंदूची खोली मोजून देतो आणि फिरतं पातं लाकडात तेवढंच उतरतं. पातं सरकवणारी मोटर साधारणपणे एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल, तर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग.

तरीही पृष्ठभाग गुळगुळीत निघत नाही. पात्याचं टोक गोल असल्यामुळे शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या रेघा उठतात. ६ मिलिमीटर व्यासाचं पातं दर फेरीला १ मिलिमीटर बाजूला सरकवलं, तर सपाट जागी वरंबा सुमारे ०.०४ मिलिमीटर उंच राहतो. अंतर निम्मं केलं की तो चौथ्या हिश्शावर येतो, पण वेळ दुप्पट लागतो. उरलेलं काम पॉलिश पेपरचं.

खरी अडचण पाकळीखाली आहे. १८८६ सालच्या मंडईच्या मनोऱ्यावरून सरळ खाली पाहिलं तर छप्पर दिसेल, त्याखालचा भाजीचा गाळा दिसणार नाही. तीन अक्षांच्या यंत्राचं तसंच आहे. पातं फक्त वरून येतं. पाकळीखाली शिरायचं तर लाकूड फिरवणारा चौथा अक्ष हवा, किंवा पातं तिरकं करणारा पाचवा. नाहीतर फूल तुकड्यांत कोरून जोडायचं.

शिवाय लाकूड काही लोखंडासारखं एकजिनसी नसतं. रेषांच्या उलट पातं गेलं की तंतू उचकटतात, आणि सागातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते. सुताराच्या हाताला हे पटाशीच्या पहिल्याच ठोक्याला कळतं आणि तो बाजू बदलतो. साधं यंत्र ठरलेल्या वाटेनंच जातं.

म्हणून कोरीव देव्हारा घेताना पाकळीखाली बोट घालून बघा. बोट आत वळलं आणि जोड लागला नाही, तर तिथपर्यंत कुणाची तरी पटाशी पोचली आहे किंवा भारी यंत्र तरी. मग भावाची घासाघीस जरा बेतानंच करा.