निर्धूर चूल आणि भाकरी
निर्धूर चुलींची सरकारी योजना १९८३ साली निघाली, २००२ साली बंद पडली. आमच्या घरी आलेल्या चुलीला वैल होता, धुराडे होते. पण तोंड एवढे अरुंद की पऱ्हाटी आत जाईना, भाकरी शेकायला आर पुढे ओढता येईना. आईने खुरप्याने तोंड रुंद केले. थंड हवा शिरली, ओढ बिघडली, धूर परतला. शेरा पडला : बाया अडाणी! वास्तविक धूर म्हणजे न जळालेले इंधन. ते जाळायला ज्वाळेवर तापलेली हवा आणि बारीक, कोरडे सरपण लागते. ज्यांना स्वतःचा बांध नाही त्यांनी कोरडे लाकूड निवडायचे कोठून? चुलीची आखणी भूमिहीन बाईच्या मोळीपासून सुरू व्हावी. प्रयोगशाळेत पाणी उकळून चूल तपासतात. तेथे भाकरीही करून पाहावी, ओल्या पऱ्हाटीवर.